खास प्रसंगासाठी टेस्टिंग मेनूचे रेस्टॉरंट कसे निवडावे: ठाणे आणि नवी मुंबईच्या वाचकांसाठी

आईवडिलांच्या लग्नाचा पंचविसावा वाढदिवस, वडिलांची साठी, मुलीची पहिली नोकरी किंवा नवरा-बायकोने दोघांपुरताच राखून ठेवलेला एखादा दिवस, अशा निमित्तांनी ठाण्यातली आणि नवी मुंबईतली मराठी कुटुंबेही आता टेस्टिंग मेनू असलेल्या रेस्टॉरंटचा विचार करू लागली आहेत. बेत ठरला की पहिला प्रश्न बहुधा ‘सगळ्यांत चांगले कोणते?’ असा असतो, आणि मग याद्या चाळण्यात, अभिप्राय वाचण्यात व छायाचित्रे पाहण्यात आठवडा निघून जातो. माझ्या मते प्रश्न वेगळा हवा. या प्रकारच्या जेवणात काय खायचे, किती खायचे, कोणत्या क्रमाने खायचे आणि किती वेळात खायचे हे सगळे स्वयंपाकघर ठरवते, आणि एकदा टेबलावर बसल्यावर पाहुण्याच्या हाती फारसे काही उरत नाही. म्हणून जी काही निवड करायची ती घरून निघण्याच्या कितीतरी आधी करावी लागते, आणि ज्या माणसासाठी हा प्रसंग आहे त्याची भूक, पथ्ये, सवयी आणि एका जागी बसण्याची ताकद यांना प्रमाण मानून करावी लागते. पुढे जे काही सांगितले आहे ते या एका मुद्द्याच्या आधारे आहे.

आपल्या पंगतीत मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, भाजी, वरणभात असे सगळे एका पानात येते आणि कशानंतर काय खायचे हे जेवणारा ठरवतो. टेस्टिंग मेनूमध्ये हा अधिकार शेफकडे जातो. सात-आठपासून बारा-पंधरापर्यंत पदार्थ, प्रत्येक दोन ते चार घासांचा, एकामागून एक येत राहतात. सुरुवात बहुधा हाताने उचलून खाण्याच्या आंबट, कुरकुरीत घासांनी होते. मग एखादा थंड पदार्थ, मग निखाऱ्यावर भाजलेले काही, मध्येच ताजा ब्रेड आणि लोणी, त्यानंतर पोटाला आधार देणारा मुख्य पदार्थ, मग जीभ ताजी करणारे आंबटसर बर्फाचे काही, पुढे गोड आणि अगदी शेवटी घासाएवढ्या मिठाया येतात. या सगळ्याला अडीच ते साडेतीन तास लागतात. प्रत्येक ताटली ठेवताना वाढणारी व्यक्ती त्या पदार्थाची माहिती सांगते, आणि ती ऐकणे हा या जेवणाचाच भाग असतो. ज्याला हे आवडेल त्याच्यासाठी ती संध्याकाळ वर्षानुवर्षे लक्षात राहण्याजोगी होते. ज्याला आवडत नाही त्याला मात्र तिसऱ्या ताटलीपासूनच अवघडल्यासारखे होते.

हा प्रसंग टेस्टिंग मेनूचा आहे का

दोघांसाठी किंवा चौघांसाठी हा बेत उत्तम. त्याहून माणसे वाढली की मी तो सुचवत नाही. आठ-दहा जणांच्या टेबलावर गप्पांना सतत खीळ बसते, कोणी फोनवर बोलायला उठले तर सगळ्यांचा पुढचा पदार्थ खोळंबतो, आणि पथ्यांची संख्या वाढते तसे स्वयंपाकघराचे लक्ष विभागले जाते. केळवण, बारसे किंवा मामा-मावश्यांसकट साजरी करायची साठी यांना भरल्या टेबलावरचे, एकमेकांना आग्रहाने वाढायचे जेवणच शोभते, आणि त्यात काही कमीपणा नाही.

घरातील ज्येष्ठांसाठी बेत असेल तर थोडे अधिक बारकाईने पाहावे. रात्री आठच्या आत जेवून दहाला झोपणाऱ्या माणसाला साडेनऊच्या टेबलावर बसवणे हा जाचच आहे. स्वयंपाकघरासमोरच्या काउंटरवर बसून जेवायची सोय अनेक ठिकाणी असते आणि तरुणांना ती फार आवडते, पण तिथल्या उंच, पाठ नसलेल्या खुर्च्यांवर तीन तास बसणे गुडघे किंवा कंबर दुखणाऱ्याला शक्य होत नाही. जागा पहिल्या किंवा दुसऱ्या मजल्यावर असेल तर लिफ्ट आहे का हेही विचारायला हवे, कारण दक्षिण मुंबईतील जुन्या इमारतींमध्ये ती असेलच असे नाही. मधुमेह असलेल्यांसाठी तर वेळेचे गणित फारच महत्त्वाचे आहे. पहिल्या तासाभरात पोटात जाते ते अगदी थोडे, आणि भात, ब्रेड किंवा गोड नेमके केव्हा येईल हे आधी कळत नाही. जेवणाआधी इन्सुलिन किंवा साखर उतरवणारी गोळी घेणाऱ्यांनी त्या संध्याकाळच्या वेळा आपल्या डॉक्टरांना विचारून ठरवाव्यात आणि रेस्टॉरंटलाही तशी कल्पना द्यावी. ब्रेडचा कोर्स थोडा लवकर आणणे चांगल्या स्वयंपाकघराला अवघड नसते.

आणखी एक गोष्ट आपण सहसा बोलून दाखवत नाही. पदार्थांची माहिती बहुतेक ठिकाणी इंग्रजीत सांगितली जाते. आईला किंवा सासूबाईंना ती ओघाने समजणार नसेल तर त्या सगळ्या वेळात हसून मान डोलावत राहतात आणि त्यांना परकेपणा वाटतो. टेबल राखून ठेवतानाच ‘आमच्या टेबलावर मराठीत किंवा हिंदीत सांगणारे कोणी मिळेल का?’ असे निःसंकोच विचारावे. मुंबईत वाढपाचे काम करणाऱ्यांमध्ये मराठी मुले-मुली भरपूर आहेत, आणि ज्या घरगुती भाजीचा किंवा माशाचा उल्लेख मेनूवर परक्या नावाने आलेला असतो ती ओळखीच्या नावाने सांगितली की समोरच्या माणसाचा चेहराच बदलतो.

कुठे पाहावे

ठाण्यात आणि नवी मुंबईत चांगली हॉटेले व रेस्टॉरंट पुष्कळ झाली आहेत, पण बहुतेकांचा कारभार मेनूकार्डावरून मागवण्याचा किंवा बुफेचा असतो. केवळ टेस्टिंग मेनूसाठी ओळखली जाणारी ठिकाणे मुंबईतच आहेत. महालक्ष्मीच्या जुन्या लोकर गिरणीच्या आवारातील ‘मास्क’ २०१६ मध्ये सुरू झाले आणि तिथे टेस्टिंग मेनूच मिळतो. ‘आशियातील ५० सर्वोत्तम रेस्टॉरंट’ या यादीत २०२२ मध्ये ते भारतातील सर्वोत्तम ठरले. फोर्टमधील किताब महल या इमारतीत पहिल्या मजल्यावर ‘एका’ आहे, ते २०२१ मध्ये सुरू झाले, आणि मध्य किंवा हार्बर मार्गावरून येणाऱ्यांना ते सीएसएमटीपासून पायी गाठता येते. वांद्र्याच्या ‘पापाज्’मध्ये एका वेळी जेमतेम बारा माणसे बसतात, त्यामुळे तिथे जागा मिळवण्यासाठी फार आधीपासून तयारी लागते. वांद्रे-कुर्ला संकुलात नीता मुकेश अंबानी सांस्कृतिक केंद्रात २०२३ मध्ये ‘इंडियन ॲक्सेंट’ आले, आणि तिथे टेस्टिंग मेनूबरोबर कार्डावरून मागवण्याचीही सोय आहे. ज्या घरात एकाला हा प्रकार हवा आहे आणि दुसऱ्याला शंका आहे, त्या घरासाठी अशी दोन्ही सोयी असलेली जागा पहिल्यांदा निवडणे शहाणपणाचे. मात्र एकाच टेबलावर निम्म्यांनी टेस्टिंग मेनू आणि निम्म्यांनी कार्डावरचे घेतलेले अनेक ठिकाणी चालत नाही, तेव्हा तेवढे विचारून घ्यावे.

पुरस्कारांकडे कसे पाहावे याबद्दल दोन शब्द. रेस्टॉरंटना दर्जाचे तारे देणारी फ्रेंच मिशेलिन मार्गदर्शिका भारतात तारे देत नाही, त्यामुळे मुंबईतल्या एखाद्या ठिकाणाची ‘मिशेलिन’ म्हणून जाहिरात दिसली तर तो तारा बहुधा शेफने पूर्वी जिथे काम केले त्या किंवा त्याच नावाच्या परदेशी रेस्टॉरंटचा असतो. आशियाई यादी २०१३ पासून निघते आणि ती खाद्यक्षेत्रातील जाणकारांच्या मतांवर ठरते. ही मते जेव्हा दिली गेली तेव्हाचा मेनू आणि तुम्ही जाल तेव्हाचा मेनू सारखा नसतो. शेफ बदलला असेल तर जुना नावलौकिक फारसा कामाचा नाही. लोकांचे अभिप्राय वाचताना गेल्या दोन-तीन महिन्यांतलेच वाचावेत, आणि त्यांतही ‘अप्रतिम’ किंवा ‘पैसे वाया’ अशा शेऱ्यांपेक्षा दोन पदार्थांच्या मध्ये किती वेळ गेला, शाकाहाऱ्याला काय मिळाले, पोट भरले का, याबद्दल कोणी काय लिहिले आहे ते शोधावे.

मुंबईची दगदग नको असेल तर एक चांगला मार्ग घराजवळच आहे आणि तो फार कमी लोक वापरतात. वाशी, तुर्भे, बेलापूर आणि ठाणे येथील मोठ्या हॉटेलांमधील शेफना आठवडाभर आधी भेटून चौघांसाठी पाच किंवा सहा कोर्सचे जेवण ठरवून घेता येते का, हे विचारून पाहावे. त्यात नावीन्य किंवा प्रयोग कमी असतील, पण आजीच्या दातांपासून नातवाच्या शेंगदाण्याच्या ॲलर्जीपर्यंत सगळे समोरासमोर बोलून ठरते, आणि दहा वाजता माणूस घरी असतो. सत्तरीच्या पुढच्या व्यक्तीसाठी बेत असेल तर मी हाच पर्याय आधी पाहीन.

फोनवरचे संभाषण

संकेतस्थळावरून टेबल राखून ठेवता येत असले तरी एक फोन करावाच, आणि तो गर्दीच्या वेळी न करता दुपारी तीन ते पाचच्या दरम्यान करावा, तेव्हा तिथल्या लोकांनाही बोलायला सवड असते. रेस्टॉरंटची पारख खरी या फोनवर होते. ज्या ठिकाणी उत्तर देणारी व्यक्ती ‘एक मिनिट, स्वयंपाकघरात विचारून सांगते’ असे म्हणते आणि खरोखर परत फोन करते, ते ठिकाण मी विश्वासाचे मानतो. सगळ्याच प्रश्नांना ‘हो हो, होऊन जाईल’ असे उत्तर आले तर मात्र सावध व्हावे.

पहिला प्रश्न शाकाहाराचा. ‘शाकाहारी मेनू मिळेल का?’ असे विचारले तर सगळीकडे होकारच येतो. त्याऐवजी असे विचारावे: ‘तुमचा शाकाहारी मेनू वेगळा रचलेला आहे, की मांसाहारी पदार्थांतील मासे-मटण काढून तिथे पनीर किंवा मशरूम घालता? सध्याचे दोन-तीन शाकाहारी पदार्थ सांगाल का?’ जिथे शाकाहारी मेनूवर तितकीच मेहनत घेतलेली असते तिथली माणसे फणसाच्या, सुरणाच्या, ताज्या मटाराच्या, नाचणीच्या किंवा एखाद्या रानभाजीच्या पदार्थाबद्दल उत्साहाने सांगतात. जिथे घेतलेली नसते तिथे दोन वाक्यांत बोलणे संपते. दोन्ही मेनूंची किंमत बहुधा सारखी किंवा जवळपास असते, म्हणून हा प्रश्न विचारण्यात संकोच मुळीच नको.

त्यानंतर कटाक्षाने पाळणाऱ्यांचा प्रश्न येतो. घरी मांसमच्छी न शिजवणाऱ्या कुटुंबाला न दिसणारे पदार्थ माहीत असायला हवेत. सूप किंवा सॉसचा पाया कोंबडीच्या किंवा हाडांच्या रस्स्याचा असू शकतो. दाशी या जपानी रस्स्यात वाळवलेल्या बोनिटो माशाचे काप उकळलेले असतात. जेली आणि काही थंड गोड पदार्थ प्राण्यांच्या हाडा-कातड्यांपासून केलेल्या जिलेटिनने धरलेले असतात. अस्सल पार्मिजानो चीज वासराच्या जठरातील रेनेट वापरून जमवलेले असते, आणि मेरिंग व मेयॉनिजमध्ये अंडे असते. नुसते ‘शाकाहारी’ असे न सांगता ‘अंडे चालते पण मांसाचा रस्सा, जिलेटिन आणि मासळीचा सॉस चालत नाही’ असे स्पष्ट शब्दांत सांगितले म्हणजे गैरसमज राहत नाही. कांदा-लसूण किंवा कंदमुळे वर्ज्य असतील तर दोन-चार दिवस आधी कळवणे आवश्यक आहे, कारण अशा स्वयंपाकघरातील रस्से, लोणची आणि सॉस आदल्या दिवशीच तयार होतात आणि ऐनवेळी त्यांतून लसूण काढता येत नाही.

ॲलर्जी आणि नावड या दोन गोष्टी वेगळ्या सांगाव्यात. ‘दोडका आवडत नाही’ आणि ‘कोळंबी खाल्ली की घसा सुजतो’ या दोन वाक्यांना स्वयंपाकघराने सारखेच वजन द्यावे अशी अपेक्षा करू नये. खरी ॲलर्जी असेल तर वेगळे पातेले, कापायची वेगळी फळी आणि वेगळे तेल वापरले जाते का हेही विचारावे, कारण कोळंबी तळलेल्या तेलातच बटाटा तळला तर ताटलीत कोळंबी नसूनही त्रास होतो. त्रास गंभीर स्वरूपाचा असेल आणि उत्तर समाधानकारक मिळाले नाही, तर ते रेस्टॉरंट कितीही नामांकित असले तरी दुसरे पाहावे.

पुढचा प्रश्न ऋतूचा, आणि तो कोकणाशी नाते सांगणाऱ्या आपल्या माणसांना अधिक जिव्हाळ्याचा वाटेल. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांच्या मासेमारीला बंदी असते, कारण हा माशांच्या विणीचा काळ आणि समुद्रही खवळलेला असतो. या दोन महिन्यांत टेबलावर येणारा समुद्री मासा साठवणीचा, बाहेरून मागवलेला किंवा छोट्या होडीतून आलेला असतो. ‘जुलैत तुमच्या मेनूत कोणती मासळी असते आणि ती कुठून येते?’ या प्रश्नाला जे स्वयंपाकघर सरळ उत्तर देते, किंवा ‘त्या दिवसांत आम्ही गोड्या पाण्यातले मासे, निवट्या आणि पावसाळी भाज्या वापरतो’ असे काही सांगते, त्याला ऋतूची जाण आहे असे समजावे. मासळीवर जीव असलेल्या माणसासाठी बेत असेल तर तो सप्टेंबरनंतर आखावा. पावसाळ्यात जायचे झाल्यास जिथे टाकळा, कर्टोली, शेवळे यांना मान मिळतो असे ठिकाण शोधावे. हुरडा आणि ताजा पोपटी वाल हिवाळ्यात, तर हापूस आणि करवंदे एप्रिल-मेमध्ये. जे मेनू बाराही महिने एकच असतात त्यांच्यासाठी एवढा खर्च करावासा मला वाटत नाही.

शेवटी नियमांचे विचारून घ्यावे: किती पैसे आगाऊ भरावे लागतात, किती तास आधी कळवले तर परत मिळतात, एखादे माणूस कमी झाले तर काय, लहान मुलांना प्रवेश आहे का, आणि उशीर झाल्यास टेबल किती वेळ राखून ठेवतात. हा उशिराचा मुद्दा घोडबंदर रस्त्यावर राहणाऱ्यांनी विशेष लक्षात ठेवावा. जिथे सगळ्या पाहुण्यांना एकाच वेळी वाढायला सुरुवात होते तिथे अर्धा तास उशीर म्हणजे दोन कोर्स हुकले असे होऊ शकते.

तारीख आणि वार

आपल्याकडे वाढदिवस तारखेने आला तरी जेवण तिथीवार पाहूनच होते, हे टेबल राखून ठेवताना विसरले जाते. सोमवारचा किंवा गुरुवारचा उपास, मार्गशीर्षातले गुरुवार, नवरात्र, श्रावणात मांसाहार वर्ज्य करणारी मंडळी, पितृपक्षात समारंभ टाळणारी मंडळी, हे सगळे आधी कालनिर्णयात पाहून घ्यावे. संकष्टीला तर चंद्रोदयानंतरच उपास सुटतो, आणि तो रात्री आठ-साडेआठपासून दहापर्यंत केव्हाही असू शकतो. साडेसातच्या टेबलावर बसलेल्या आईसमोर पहिले चार पदार्थ नुसतेच ठेवले जातील असा दिवस निवडण्यात अर्थ नाही. प्रसंग त्या आठवड्यातल्या मंगळवारी किंवा बुधवारी साजरा केला तर बिघडत नाही. उलट आठवड्याच्या मधल्या दिवशी जागा सहज मिळते, गर्दी कमी असते, आणि शेफ स्वतः टेबलापाशी येऊन दोन शब्द बोलण्याची शक्यता अधिक. ३१ डिसेंबर आणि १४ फेब्रुवारी या दोन तारखा मी कोणालाही सुचवणार नाही, कारण त्या रात्री नेहमीचा मेनू बाजूला ठेवून महागडा खास मेनू लावलेला असतो आणि टेबल वेळेत मोकळे करण्याची घाई असते.

मद्य घेणारी मंडळी असतील तर २६ जानेवारी, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर हे कोरडे दिवस टाळावेत. मुलीच्या पहिल्या नोकरीचा बेत असेल तर तिचे वयही लक्षात घ्यावे, कारण महाराष्ट्रात बिअर आणि वाइनसाठी किमान वय २१ आणि इतर मद्यासाठी २५ आहे.

खर्चाचा हिशेब

मुंबईत अशा मेनूची किंमत साधारणपणे माणशी चार हजारांपासून आठ हजार रुपयांपर्यंत असते, आणि फसगत होते ती या आकड्यापुढच्या गोष्टींनी. समजा दोघांचा मेनू प्रत्येकी ५,००० रुपयांचा आहे. रेस्टॉरंट स्वतंत्र असेल तर जेवणावर ५ टक्के जीएसटी, म्हणजे ५०० रुपये. तेच रेस्टॉरंट दिवसाला ७,५०० रुपयांहून अधिक भाडे असलेल्या खोल्यांच्या हॉटेलात असेल तर कर १८ टक्के, म्हणजे १,८०० रुपये. मद्याला जीएसटी लागू नाही, त्यावर राज्याचा कर वेगळा लागतो. प्रत्येक कोर्सबरोबर वेगळ्या वाइनचा छोटा पेला देणारी पेअरिंग घेतली तर तिची किंमत मेनूच्या निम्म्याहून अधिक असू शकते. पाण्याची बाटली, कॉफी, मध्येच ‘थोडे ट्रफल (एक महागडी, सुगंधी अळंबी) किसून घालू का?’ असे विचारून वाढवलेले जिन्नस, यांची किंमत विचारूनच होकार द्यावा. विचारण्यात कसलाही कमीपणा नाही, आणि चांगली जागा ती किंमत आपणहून सांगते.

पेअरिंगबद्दल माझे मत असे की वाइनची सवय नसलेल्या माणसाने सहा-सात पेल्यांच्या नादी लागू नये. चौथ्या पेल्यानंतर चवीतले बारकावे कळेनासे होतात, आणि ज्यासाठी आलो ते जेवणच धूसर होते. एकच पेला सावकाश घ्यावा किंवा मद्यविरहित पेअरिंग आहे का ते विचारावे. आमसूल, आवळा, ताक, उसाचा रस, आंबवलेली फळे अशा गोष्टींपासून केलेली पेये काही ठिकाणी फार कल्पकतेने देतात, आणि ती आपल्या जिभेला जवळची वाटतात.

जाणे-येणे

ठाण्याहून फोर्टला जायचे तर जलद लोकलसारखे दुसरे साधन नाही. महालक्ष्मीसाठी दादरला गाडी बदलावी लागते. भरजरी साडी नेसून संध्याकाळच्या लोकलने जायचे असेल तरी घाबरू नये, कारण त्या वेळी गर्दीचा ओघ मुंबईकडून ठाण्याकडे असतो आणि मुंबईकडे जाणाऱ्या गाड्या त्या मानाने मोकळ्या मिळतात. परतीचे मात्र आधी ठरवावे. साडेसातला बसलेली मंडळी अकरापर्यंत उठतात आणि त्यांना लोकल मिळते. साडेनऊला बसणाऱ्यांना शेवटची गाडी मिळेल याचा भरवसा नाही. म्हणून ठाणे-नवी मुंबईहून जाणाऱ्यांनी नेहमी पहिली बैठक मागावी. रविवारी दुपारच्या टेबलासाठी निघताना मध्य आणि हार्बर मार्गावरच्या मेगाब्लॉकचे वेळापत्रक पाहिल्याशिवाय घर सोडू नये.

मोटारीने जाणाऱ्यांसाठी वांद्रे-कुर्ला संकुल सर्वांत सोयीचे, कारण पूर्व द्रुतगती मार्गावरून चुनाभट्टीच्या उड्डाणपुलाने थेट आत शिरता येते. ऑक्टोबर २०२४ पासून मुंबईच्या पाचही प्रवेशनाक्यांवर हलक्या मोटारींना पथकर माफ आहे. उलवे, पनवेल, खारघर भागातील लोकांना दक्षिण मुंबईसाठी २१.८ किलोमीटरचा अटल सेतू सोयीचा पडतो, तिथला पथकर वेगळा. पावसाळ्यात त्या दिवशी मोठी भरती किती वाजता आहे हे पाहून निघण्याची वेळ ठरवावी. जो गाडी चालवणार आहे त्याने मद्य घेऊ नये हे सांगायला नको, पण सहा पेल्यांची पेअरिंग मागवल्यावर हे आठवण्यापेक्षा येण्या-जाण्याची टॅक्सी आधीच ठरवलेली बरी.

त्या दिवशी

दुपारचे जेवण हलके ठेवावे, पण उपाशी जाऊ नये. औक्षण घरीच करून निघावे. केक नेऊ देतात का हे आधी विचारावे. अनेक ठिकाणी नेऊ देत नाहीत, मात्र प्रसंग कळवला असेल तर शेवटच्या गोडावर मेणबत्ती किंवा मेनूच्या कागदावर नाव छापून देतात, आणि तो कागद जपून ठेवण्याजोगा असतो. तीव्र अत्तर लावू नये, कारण पदार्थाचा वास हा त्याच्या चवीचाच भाग आहे. पोशाखाला फारसे नियम नसतात, पण मोठ्या हॉटेलांत पुरुषांच्या चपला आणि अर्ध्या विजारी चालत नाहीत.

टेबलावर बसताच पथ्ये पुन्हा एकदा सांगावीत, फोनवर सांगितलेली असली तरीही. एखादा पदार्थ जमला नाही तर तो अर्धा ठेवून गप्प बसू नये; तिखट लागले, मांस कच्चे वाटले, वेग फार होतोय किंवा फार रेंगाळतोय, हे दुसऱ्या-तिसऱ्या कोर्सला सांगितले तर उरलेले जेवण त्यानुसार बदलता येते, आणि बिल देताना सांगितले तर कोणालाच उपयोग होत नाही. ज्येष्ठ माणूस थकला असेल तर ‘शेवटचे दोन कोर्स एकत्र आणा’ असे म्हणण्यात काहीही वावगे नाही.

बिल आल्यावर त्यातली प्रत्येक ओळ वाचावी. सेवा शुल्क म्हणून दहा टक्क्यांच्या आसपास रक्कम आपोआप जोडलेली असू शकते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या ४ जुलै २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ती सक्तीची करता येत नाही, आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्या सूचना ग्राह्य ठरवल्या. ती रक्कम द्यायची नसेल तर शांतपणे काढायला सांगावी. नकार मिळाल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. सेवा मनापासून आवडली असेल तर शुल्क काढून घेऊन तेवढीच रक्कम वाढणाऱ्यांच्या हाती द्यावी. ती सगळ्यांत वाटली जाते का, स्वयंपाकघरातल्यांनाही पोहोचते का, हे जाताना त्यांनाच विचारावे.